बहुमताने ठरलेली भिंगरी

अकरा वर्षांपूर्वी आमच्या पक्षिमित्र मंडळाच्या स्मरणिकेत माझं एक प्रवासवर्णन छापून आलं होतं. ‘गिरणेकाठची सोनेरी सकाळ’ असं त्याचं नाव. ते बऱ्याच जणांना आवडलं. एका ओळखीच्या शिक्षकांनी त्यातला एक परिच्छेद मुलांना शुद्धलेखनासाठी घातला. त्या लेखात गिरणा खरी होती. सकाळ सोनेरी नव्हती, ढगाळ होती. बाकीचं काय होतं ते सांगण्यासाठी हा दुसरा लेख.

मी आता बहात्तर वर्षांचा आहे. मंडळाचा कार्यवाह म्हणून सोळा वर्षं मी इतिवृत्तं लिहिली, त्यामुळे खोटं नीटनेटकं कसं लिहावं हे मला कळतं. मागच्या महिन्यात, म्हणजे अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत, मी त्याच गावाला परत जाऊन आलो. दोन्ही प्रवास एकत्रच सांगतो, कारण रस्ता एकच आहे. गावाचं नाव देणार नाही. ते देवळ्याच्या पुढे, गिरणेच्या काठी आहे, एवढं पुरे. नाव दिलं तर मंडळ तिथे सहल काढील.

नाशिक

आमचं मंडळ म्हणजे दर रविवारी सकाळी गोदावरीच्या काठाने फिरणारी आठ-दहा पांढरपेशी माणसं. इतरांना पक्षी ओळखायला डोळे आणि पुस्तक लागतं. आम्हाला घटना होती. ती वकीलसाहेबांनी लिहिली होती. नवा पक्षी दिसला की हजर सभासदांनी मत द्यायचं, गणपूर्ती तिघांची, आणि बहुमत म्हणेल तो पक्षी. वाद नकोत, असा त्यामागचा उदात्त हेतू होता.

एकदा गंगापूर धरणाच्या पलीकडच्या काठावर काहीतरी करडं बसलेलं दिसलं. आम्ही पाच विरुद्ध दोन मतांनी ते गरुड ठरवलं. ठराव लिहून होतोय तोच गरुड उठला, घोंगडी झटकली आणि बैलगाडी जुंपायला गेला. पण ठराव मंजूर झाला होता. तो माणूस आमच्या नोंदवहीत आजही गरुड आहे.

अध्यक्ष आप्पासाहेब. सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मंडळातली एकमेव धड दुर्बीण त्यांची, एकमेव मोटार त्यांची, आणि त्यामुळे बहुमतही बहुधा त्यांचंच.

सत्त्याहत्तरच्या जानेवारीत मंडळाला एक पोस्टकार्ड आलं. लिहिणारे साळवे गुरुजी, त्या गावच्या शाळेवरचे शिक्षक. अक्षर फळ्यावर लिहावं तसं ठळक. मजकूर असा : आमच्या पुलाखाली भिंगऱ्यांनी मातीची घरटी केली आहेत, शंभराच्या वर, एकमेकांना चिकटून. माझ्या मते या कड्यावरच्या भिंगऱ्या असाव्यात. तुमच्या यादीत ही जात नाही. मंत्री येणार म्हणून पुलाला चुना लावायचा आहे आणि खालची घरटी पाडायची आहेत. ओव्हरसियर म्हणतात, नाशिकच्या मंडळाने वेगळा पक्षी म्हणून लेखी दिलं तर खालचं काम महिनाभर थांबवतो. तेवढ्यात पिल्लं उडून जातील. कृपया लवकर यावे.

मंत्री पुलावरून जाणार होते. पुलाच्या पोटाला चुना कशासाठी, हा प्रश्न आमच्यातल्या कुणालाच पडला नाही. आम्हाला पडलेला प्रश्न वेगळा होता. “हे साळवे सभासद आहेत का?” आप्पासाहेबांनी विचारलं. मी वही पाहून नाही म्हणालो.

“मग यांचं ‘माझ्या मते’ कुठून आलं?”

चांदवड

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही तिघे निघालो : आप्पासाहेब, वकीलसाहेब आणि मी. बरोबर तिघे, म्हणजे गणपूर्ती झाली. वकीलसाहेब चष्मा घरी विसरले होते. हे त्यांना पिंपळगावात कळलं, पण ते म्हणाले, “चालेल. मला कलमं पाठ आहेत.”

चांदवडला रस्त्याकडेच्या हॉटेलात थांबलो. बाकांवर ट्रकवाले बसले होते, कपबशा एकाच बादलीत बुचकळून निघत होत्या. आप्पासाहेबांनी भजी घेतली, मी मिसळ घेतली, वकीलसाहेबांनी तीन आम्लेटं खाल्ली. हा तपशील लक्षात ठेवावा. जुन्या लेखात मी लिहिलं होतं, ‘चांदवडचा डोंगर डोळ्यांनी पिऊन आम्ही पुढे निघालो.’

पुढे भावडबारीचा घाट. घाट उतरला की जमिनीचा रंग पालटतो. दोन्ही बाजूंना कांद्याची हिरवीगार शेतं, वाफ्यांत उकिडव्या बसून खुरपणाऱ्या बायांच्या रांगा, आणि गाडीची काच बंद असली तरी नाकात शिरणारा पातीचा वास. आमच्याकडे कांदा पिशवीत येतो. तिथे माणसं कांद्यात राहतात.

गुरुजींचं घर

गुरुजी फाट्यावर उभे होते. चाळिशीचे, सावळे, काटक. धुवून पांढरा केलेला सदरा, खिशाला दोन पेनं. त्यांनी सायकल गाडीपुढे घातली आणि आम्हाला थेट घरी नेलं.

गावाच्या कडेला बौद्धवाडी, तिथे त्यांचं दोन खोल्यांचं घर. दारापुढे सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली दिनदर्शिका. चार पाट मांडलेले होते. आतून बाजरीच्या भाकरीचा आणि डुबुकवड्यांच्या आमटीचा वास येत होता. गुरुजींची बायको, कमलबाई, पदर खोचून दारात आल्या.

“हातपाय धुवा, दादा. लय लांबून आले तुम्ही. आधी दोन घास खा, पाखरं कुठं पळून जात नाय.”

आप्पासाहेबांनी भिंतीकडे पाहिलं, पाटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कार्यवाहाने काय करायचं हे कार्यवाहाला सांगावं लागत नाही.

“वहिनी,” मी म्हणालो, “आज आमची एकादशी.”

हे मी म्हणालो. आप्पासाहेब काही बोलले नाहीत. अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ती मंडळाची भूमिका होती. मंडळाने तसा ठराव केलेला नव्हता. ते माझं वाक्य होतं.

“तिघांची बी?” कमलबाई म्हणाल्या.

“तिघांची.”

“मग शेंगदाणे-गूळ देते. उपासाला चालतो.”

“निर्जळी आहे,” वकीलसाहेब म्हणाले. तीन आम्लेटं पोटात असलेला माणूस हे किती शांतपणे म्हणाला, ते ऐकण्यासारखं होतं.

गुरुजींनी दिनदर्शिकेकडे पाहिलं. एकदाच. त्या दिवशी एकादशी नव्हती. मग ते म्हणाले, “चला साहेब, पूल दाखवतो.”

पुलाजवळ गाडी थांबल्यावर आप्पासाहेबांनी डिकीतून थर्मास काढला. आम्ही तिघे गाडीआड उभे राहून चहा प्यायलो, बिस्किटं बुडवून. गुरुजी पाठ करून नदीकडे बघत उभे होते. पाठ इतकी नीट केलेली होती की त्यांना सगळं दिसलं हे मला कळलं.

पूल

जुन्या लेखातला सगळ्यात मोठा खोटेपणा असा की पुलाखाली जे दिसलं त्याचं वर्णन मी केलंच नाही. ते आता करतो.

गिरणेला पाणी घोट्याइतकं होतं. दगडी कमानींच्या आत, सावलीत, छताला चिखलाच्या लहान लहान मडक्यांचा पोळ्यासारखा गठ्ठा चिकटलेला. प्रत्येक मडक्याला आखूड नळीसारखं तोंड, एकाची भिंत ती दुसऱ्याचीही भिंत. नाशिकच्या चाळीत आयुष्य काढलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. कुठे शेजारीण दुसरीच्या दारात डोकं घालून भांडत होती, कुठे एक जण अर्धी भिंत बांधून सोडून गेला होता आणि दुसरा त्यातलाच चिखल चोरत होता. शेकडो पाखरं एकदम बाहेर पडत, नदीवर चकरा मारत, बारीक किचकिच करत परत येत. पाण्याकाठच्या ओल्या मातीवर ती थव्याने उतरत, पंख वर उभे धरून थरथरवत, म्हणजे चिखल पंखांना लागू नये, आणि चोचीत गोळी घेऊन उडत.

“मी इथं उताणा पडून बघतो,” गुरुजी म्हणाले. खाली एक पोतं अंथरलेलंच होतं. “दुर्बीण नाय, पण उताणं पडलं की लय दिसतं.”

त्यांच्याकडे शाळेचा जुना कोरा हजेरीपट होता. मुलांच्या नावांच्या जागी घरट्यांचे आकडे, कमानीप्रमाणे. रोज शाळेआधी येऊन ते हजेरी घेत. पाखरू आत-बाहेर करताना दिसलं की ‘ह’, नाही दिसलं तर ‘गै’. शेवटी शेऱ्याचा रकाना.

“शाळेचे कागद पक्ष्यांसाठी?” आप्पासाहेब म्हणाले.

“अपहाराचं कलम लागू शकतं,” वकीलसाहेबांनी माहिती दिली.

मी पोत्यावर उताणा झालो. आप्पासाहेबांनी दुर्बीण दोन मिनिटं दिली. मी जे पाहिलं ते खिशातल्या डायरीत तिथल्या तिथे लिहिलं. ती डायरी आत्ता माझ्यासमोर आहे : ‘डोकं विटकरी. गळ्यावर आणि छातीवर बारीक गडद रेघा. शेपटी आखूड, जवळजवळ चौकोनी. तारा नाहीत. घरटी बंद, चिकटलेली, तोंडाला नळी.’ खाली मी एक रेघ मारली आणि लिहिलं : ‘साळवे बरोबर.’

ठराव

सभा गाडीच्या बॉनेटवर भरली. आप्पासाहेब म्हणाले, “ही आपली नेहमीची तारवाली भिंगरी. नोंदवहीत आहे.”

“साहेब,” गुरुजी म्हणाले, “तारवालीच्या शेपटीला दोन लांब तारा असतात. ह्यांच्यात एकीला बी नाय.”

“गळल्या. विणीच्या काळात झिजतात.”

“सगळ्यांच्या?”

“सगळ्यांच्या.”

“अन् गळ्यावरच्या रेघा? तारवालीचा गळा पांढराशुभ्र असतो.”

“तोंडाने चिखल वाहणाऱ्याच्या गळ्याला चिखल लागणारच, गुरुजी.”

“चिखल रेघारेघांनी लागतो व्हय? अन् तारवाली उघडी वाटी करते, एकेक जोडीनं राहते. ही तर अख्खी वस्ती हाय, साहेब.”

“वस्ती,” आप्पासाहेब म्हणाले आणि जरासे हसले. “तुम्हाला सगळीकडे वस्तीच दिसणार.”

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. “श्री. साळवे सभासद नसल्याने त्यांचं म्हणणं इतिवृत्तात घेता येत नाही. मी चष्म्याअभावी पक्षी पाहिलेला नाही. म्हणून कार्यवाह जे मत देतील तेच माझं मत समजावं.”

म्हणजे माझ्या हातात दोन मतं होती. तिघांत दोन. त्या बॉनेटवर एवढं स्पष्ट गणित मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी ‘कड्यावरची’ म्हटलं असतं तर ठराव झाला असता, कागद झाला असता, महिनाभर चुना थांबला असता.

गुरुजी माझ्याकडे बघत होते. मी पोत्यावर पडून काय लिहिलं ते त्यांनी वाकून वाचलेलं होतं. मीही लपवलं नव्हतं.

मी का भ्यालो, याची कारणं मी पुष्कळ वर्षं गोळा केली. परतीची गाडी आप्पासाहेबांची होती. पुढच्या महिन्यात कार्यवाहपदाची निवडणूक होती. आणि ज्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून नुकतीच एकादशी पाळली, त्याच्याकडून पक्षी शिकायचा म्हणजे फारच होतं. तिसरं कारण मला सगळ्यात उशिरा सापडलं. ते सगळ्यात खरं आहे.

“तारवाली,” मी म्हणालो.

ठराव तीन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. ओव्हरसियरसाठी कागद मीच लिहिला : ‘सदर पक्षी सर्वत्र आढळणारा असून घरटी काढण्यास मंडळाची हरकत नाही.’ कुणी हरकत विचारलीही नव्हती. पण इतिवृत्ताच्या भाषेत एकदा पेन सुरू झालं की ते असं पूर्ण होतं.

गुरुजींनी कागद घेतला, घडी घातली, पेनांच्या खिशात ठेवला. “आभारी आहे,” म्हणाले. जुन्या लेखात त्यांच्याबद्दल एकच वाक्य आहे : ‘साळवे नावाच्या एका उत्साही स्थानिकाने आम्हाला वाट दाखवली.’

परत त्याच रस्त्याने

आप्पासाहेब वारले. मंडळाच्या खोलीत त्यांची हार घातलेली तसबीर आहे. मागच्या वर्षी आवराआवरीत ती खिशातली डायरी सापडली. मागच्या महिन्यात मी मंडळात दुरुस्तीचा ठराव मांडला. आता वकीलसाहेब अध्यक्ष आहेत.

“मूळ सूचक हयात नाहीत,” ते म्हणाले. “त्यांच्या पश्चात त्यांचा पक्षी बदलणं बरं दिसत नाही.”

“तुमचं मत तर होतं ना त्यात?”

“माझं मत तुमच्या मताला जोडलेलं होतं. मी पक्षी पाहिलाच नव्हता.”

माझ्या ठरावाला अनुमोदक मिळाला नाही, त्यामुळे तो चर्चेलाच आला नाही. त्या रात्री मी राजीनामा लिहिला आणि सकाळी सीबीएसवरून एसटी धरली.

एसटी चांदवडला थांबली. हॉटेल तेच होतं, बादली मात्र नवी. मी काही खाल्लं नाही. पोट रिकामं ठेवून पोचायचं ठरवलं होतं. बाजूच्या कांद्याच्या व्यापाऱ्याने भज्यांचा पुडा पुढे केला. “घ्या बाबा. का उपास हाय?” मी म्हणालो, “नाही, मुळीच नाही.” इतक्या जोरात म्हणालो की त्याने पुडा मागे घेतला.

फाट्यापासून चालत आधी पुलावर गेलो. घरी जायचा धीर होत नव्हता. वरून पूल अजूनही पांढरा होता. खाली एक म्हातारी शेळ्या घेऊन सावलीत बसली होती. मी वाकून कमानीत बघायला लागलो तशी ती अहिराणीत म्हणाली, “पाखरे देखाले उनात का, बाबा?”

हो, पाखरंच बघायला आलो, म्हणालो. घरटी होती! दोन कमानींत दाट, तिसरीत तुरळक. पहिल्या वेळी होती तितकी नव्हती, पण तीच मडकी, त्याच नळ्या, तीच किचकिच.

“आते परत येतस,” म्हातारी म्हणाली. “चुना लावा ना, तवय काही साल उनात नहीत.”

“चुन्यानंतर काही वर्षं आलीच नाहीत? तेव्हा तुम्ही होतात इथे?”

“व्हतू ना. बांबूघाई पाडं सगळं. पिल्ले पानीमा पडनात. गुरुजी गुडघाभर पानीमा उभा, सदरा पसारीसन.”

बांबूंनी घरटी पाडली जात होती तेव्हा गुरुजी गुडघाभर पाण्यात उभे होते, अंगातला सदरा काढून पसरून. पिल्लं झेलायला. धुवून पांढरा केलेला तो सदरा मी पाहिलेला होता.

मी घरी गेलो. गुरुजी ओट्यावर कांद्याचं बी निवडत बसले होते. केस पिकले होते, निवृत्त झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं.

“या, कार्यवाहसाहेब.”

“मी आता कार्यवाह नाही.”

“मग नुसते या.”

मी बसलो. मी डायरी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ते पान वाचलं. ‘साळवे बरोबर’ या शब्दांवर त्यांचं बोट थोडं थांबलं.

“हे तवाच वाचलं होतं मी,” ते म्हणाले.

“ठाऊक आहे. झेललेली पिल्लं वाचली का हो?”

“झेलली सतरा. पण साहेब, झेललं तरी भरवायचं कोणी? शाळेतल्या पोरांनी माश्या धरून आणल्या. दोन दिवस.” त्यांनी सुपातला एक खडा काढून बाहेर टाकला. “परत आल्या भिंगऱ्या. चार वर्षांनी दोन जोड्या, मग वाढल्या. त्यांना काय, ठराव वाचता येत नाय.”

मग ते आत गेले आणि हजेरीपटांचा गठ्ठा घेऊन आले. अकरा वर्षांचे. मी सत्त्याहत्तरचा फेब्रुवारी मागितला. चुन्याच्या दिवशी प्रत्येक घरट्यापुढे ‘गै’ होतं. शंभराहून जास्त वेळा, एकही घर न गाळता, त्याच ठळक अक्षरात. शेऱ्याचा रकाना कोरा.

आम्ही गेलो होतो त्या दिवशी मात्र शेरा होता. एकच ओळ : ‘नाशिकचे पाहुणे आले. त्यांची एकादशी.’

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांनी माझं म्हणणं जसं ऐकलं तसं नोंदवलं होतं. एवढं प्रामाणिक इतिवृत्त मी सोळा वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं.

“गुरुजी, पेन द्या.”

त्यांनी खिशातलं एक पेन काढून दिलं. त्या ओळीखाली मी लिहिलं : ‘एकादशी नव्हती. भिंगरी कड्यावरची होती. दोन्ही मला तेव्हाच माहीत होतं.’ खाली पूर्ण नाव, तारीख, सही.

गुरुजींनी हजेरीपट डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. बराच वेळ वाचत राहिले, तीनच वाक्यं होती तरी.

“सूचक तुम्ही,” ते म्हणाले. “पण अनुमोदक लागंल ना? तुमच्याकडं तसंच असतंय.”

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

“मी हाय अनुमोदक,” कमलबाई आतून म्हणाल्या. “उठवा आता त्यांला, भाकरी निवते.”

विरोधात कुणी नव्हतं. मी हात धुवायला उठलो.